इथून तिथपर्यंतच तर जायचंय

डिलिव्हरीच्या व्हॅनमधला सीट बेल्ट नेमका कधी सुटतो हे पाहायचं असेल, तर सकाळी डेपोच्या गेटवर उभं राहून काही हाती लागत नाही. गेटवर सगळ्यांचे पट्टे लावलेले असतात. गाडी नुकती भरलेली असते, सुपरवायझर समोर असतो, अंगात दम असतो. पट्टा सुटतो तो दुपारनंतर, साठाव्या-सत्तराव्या स्टॉपच्या आसपास, जेव्हा पुढच्या पार्सलचं घर मागच्या घराच्या दारातूनच दिसत असतं. बसायचं, गाडी जराशी पुढे घ्यायची, उतरायचं. तेवढ्यासाठी कशाला पट्टा? इथून तिथपर्यंतच तर जायचंय.

असं म्हणणारा ड्रायव्हर बेफिकीर असतोच असं नाही. हायवेला लागला की हाच माणूस कुणी न सांगता पट्टा लावतो. लांबच्या वाटेला धोका, जवळच्या वाटेला नाही, असा त्याचा साधा हिशेब असतो. हिशेब चुकीचा असला तरी वेडगळ नाही, कारण कायद्यानेसुद्धा काही ठिकाणी तो मान्य केला आहे. ब्रिटनमध्ये मालवाहू गाडीतून माल पोचवायला किंवा गोळा करायला निघालेल्याचा प्रवास ५० मीटरच्या आतला असेल, तर त्याला पट्ट्यातून सूट आहे. दर दारापाशी चढ-उतार करणाऱ्याचा जाच नियम करणाऱ्यांच्या लक्षात आला असावा. पण ५० मीटर मोजायला गाडीत कुणी टेप घेऊन बसत नाही. पन्नासाचे ऐंशी होतात, ऐंशीचे दोनशे, मध्ये एखादा चौक लागतो, आणि तरी हात पट्ट्याकडे वळत नाही, कारण मघाशीही वळला नव्हता. आणि त्या चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्या ट्रकला आपण फक्त शेजारच्या गल्लीत निघालोय याच्याशी काही देणंघेणं नसतं.

हळू चाललेल्या गाडीत काय बिघडतं, याचं उत्तर आकड्यांतच पाहिलेलं बरं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. या वेगाने जाणारं शरीर एकदम थांबलं, तर तो मार सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून खाली आदळण्याइतका असतो. ताशी ५० ला तीच उंची जवळपास १० मीटर होते. पहिल्या मजल्यावरून आणि तिसऱ्या मजल्यावरून पडणं, असा ढोबळ फरक. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी ‘एवढंसंच तर आहे’ म्हणत उडी मारत नाही.

आता हाच वेग पट्टा कसा जिरवतो ते पाहू. ताशी ५० ने गाडी आदळली की बॉनेटचा भाग चेपतो, पट्टा थोडा ताणला जातो, आणि शरीराला थांबायला साधारण अर्धा मीटर मिळतो. तेव्हा शरीरावर येणारा सरासरी जोर त्याच्या वजनाच्या वीसेक पट असतो. सत्तर किलोंच्या माणसासाठी चौदाशे किलो. फार आहे, पण तो कमरेच्या हाडावर, बरगड्यांवर आणि खांद्यावर वाटला जातो, आणि धडधाकट माणूस तो सोसू शकतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस तसाच पुढे जातो. त्याला थांबवतात स्टीअरिंग आणि काच, तेही चारपाच सेंटिमीटरमध्ये. अंतर दहा पटींनी कमी झालं की जोर दहा पटींनी वाढतो. ‘स्टीअरिंग घट्ट धरून ठेवीन’ म्हणणाऱ्याने हा चौदाशे किलोंचा आकडा एकदा मनगटाशी ताडून पाहावा. तसं धरणाऱ्यांचे बहुधा हात मोडतात आणि छाती आदळायची ती आदळतेच.

तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश इंजिनिअरचा. तो आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. व्होल्वोत आल्यावर त्याने १९५९ मध्ये हा पट्टा गाडीत आणला, आणि व्होल्वोने त्याचं पेटंट इतर कंपन्यांना वापरू दिलं. त्याच्या कामातला मला जास्त मोलाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. १९६७ मध्ये त्याने स्वीडनमधल्या २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी सुमारे ९५ किलोमीटरच्या खालच्या वेगात एकाचाही मृत्यू नव्हता. न लावलेले मात्र सगळ्या वेगांना दगावले होते, अगदी ताशी २० च्या आसपासही. ताशी २० म्हणजे या दारातून त्या दारात जातानाचा वेग. डिलिव्हरीवाल्यांच्या प्रशिक्षणात हायवेवरच्या चक्काचूर गाड्यांचे फोटो दाखवतात, तेव्हा त्यांच्या डोक्यातला हिशेब उलट पक्का होतो: धोका हायवेवर असतो, आपल्या गल्लीत नव्हे. फोटो दाखवायचेच तर गल्लीतले दाखवा.

पुढे १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावणं सक्तीचं केलं, तिथून कायद्यांची रांग लागली. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार पुढच्या सीटवर पट्टा लावल्याने मोटारीत मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी घटतो आणि पिकअप-व्हॅनसारख्या हलक्या मालवाहू गाड्यांत ६० टक्क्यांनी. उंच गाडी उलटायला सोपी, आणि उलटणाऱ्या गाडीतून माणूस बाहेर फेकला जातो. म्हणजे ज्यांना पट्ट्याचा सर्वांत जास्त फायदा, तेच दिवसातून शंभरदा तो सोडतात.

शंभरदा हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. समजा आठ तासांची पाळी आणि १२० स्टॉप. सवयीच्या हाताला पट्टा लावायला तीन सेकंद लागतात, काढायला एक. १२० गुणिले चार, म्हणजे ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. आठ तासांत १२० स्टॉप म्हणजे एका स्टॉपला चार मिनिटं. तेव्हा दिवसभर इमानदारीने पट्टा लावण्याची किंमत होते दोन स्टॉप. ही किंमत खरी आहे. ‘पट्ट्याला वेळच लागत नाही’ असं ड्रायव्हरला सांगणारा अधिकारी खोटं बोलतो, आणि ते ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी कळतं. मग तो अधिकाऱ्याचं बाकीचंही ऐकेनासा होतो.

प्रश्न एवढाच उरतो, की ही आठ मिनिटं कुणाच्या खिशातून जायची. रूट आखताना ती धरली असतील तर ११८ स्टॉपचा दिवस लागतो आणि विषय मिटतो. धरली नसतील, तर ड्रायव्हर ती जेवणातून काढतो, नाहीतर वेगातून, नाहीतर पट्ट्यातून. पार्सलमागे पैसे मिळत असतील तर तो पट्ट्यातूनच काढणार, आणि त्याच्या जागी दुसरा कुणीही हेच करील. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ आणि स्क्रीनवर तासाला पंधराचं टार्गेट, यात काय निवडायचं हे माणूस बरोबर ओळखतो. म्हणून शिस्तीची सुरुवात मी रूट आखणाऱ्याच्या टेबलापासून करीन. तिथे स्टॉपचा वेळ धरताना गाडी थांबवणं, पट्टा काढणं, पार्सल शोधणं, चालणं, सही किंवा ओटीपी, परत येणं, पट्टा लावणं, आरसे पाहणं, हे सगळं घड्याळ लावून एकदा मोजलेलं असावं. मोजायला चपळ तरुण नेऊ नये, मध्यम चालीचा माणूस न्यावा, आणि एक दिवस पावसातही मोजावं.

वेळेचा निकाल लागला की उरतो पट्टा स्वतः. डिलिव्हरीच्या गाडीतला पट्टा घरच्या गाडीतल्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतो. घरच्या गाडीत दिवसातून चारदा ओढला जाणारा पट्टा इथे शंभर-सव्वाशे वेळा ओढला जातो, तोही घामट, धुळकट हातांनी. सगळ्यात आधी बिघडते ती खांद्यावरची रिंग, ज्यातून पट्टा वळतो. तिच्यात घाम-धुळीचा चिकट थर साचतो आणि पट्टा परत गुंडाळला जाईनासा होतो. मग तो दाराबाहेर लोंबतो, दार आपटलं की कडेला चिमटतो, आणि कड उसवायला लागते. पट्टी पॉलिएस्टरची असते. युरोपीय नियमांप्रमाणे तिची रुंदी किमान ४६ मिलिमीटर लागते. तिची ताकद उभ्या धाग्यांत असते आणि कड फाटली की फाटण्याला वाट सापडते. रिंग ओल्या फडक्याने पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. पट्टी धुवायची तर पूर्ण बाहेर ओढून, कोमट पाणी आणि साधा साबण. मग सावलीत पूर्ण वाळू द्यायची आणि नंतरच आत जाऊ द्यायची. ब्लीच, थिनर, रंग यांतलं काहीही तिला लावायचं नाही. धागे वरून तसेच दिसतात आणि आतून कमजोर होतात.

ड्रायव्हरची दुसरी नेहमीची तक्रार: पट्टा ओढला की अडतो. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. गुंडाळणाऱ्या पेटीत, म्हणजे रिट्रॅक्टरमध्ये, दोन वेगवेगळे पहारेकरी असतात. एक पट्टा झटक्याने ओढला की कुलूप घालतो. दुसरा गाडी एकदम मंदावली किंवा कलली की घालतो. त्यात वाटीत ठेवलेली एक छोटी गोळी असते, ती घरंगळली की खटका दात्यात अडकतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १६ नुसार पेटी १२ अंशांपर्यंत कलली तर अडकता कामा नये, आणि २७ अंशांच्या वर कलली तर अडकलीच पाहिजे. मधल्या टप्प्यात दोन्ही शक्य. घाईतला ड्रायव्हर चढावर किंवा एक चाक फूटपाथवर चढवून गाडी लावतो, येऊन धाडकन बसतो आणि पट्टा हिसका देऊन ओढतो. आधीच कललेली गाडी आणि वर हिसका. दोन्ही पहारेकरी आपलं काम चोख करतात. तो तीनदा हिसडतो, वैतागतो आणि तसाच निघतो. उपाय साधा आहे: पट्टा दोनचार बोटं मागे जाऊ द्यायचा आणि सलग, संथ ओढायचा. हे कुणी दाखवलेलं नसलं की चांगल्या पट्ट्यावर नादुरुस्तीचा शिक्का बसतो.

तरीही अडत असेल, तर तपासणी सकाळी गाडी भरण्याआधी करायची. सपाट जागी पट्टा शेवटापर्यंत बाहेर ओढा. दोन्ही कडांवरून बोटं फिरवा. उसवण, चीर, सिगारेटने पडलेलं भोक, कडक झालेली पट्टी हातालाच आधी कळते. हिसका द्या, अडकला पाहिजे. सोडा, आपोआप पूर्ण आत गेला पाहिजे. बकलमध्ये पट्ट्याची जीभ, म्हणजे त्याच्यावरची धातूची चपटी क्लिप, घाला, स्वच्छ ‘टक्’ आवाज यायला हवा. ओढून बघा, सुटता कामा नये. लाल बटण दाबा, जीभ स्वतःहून उडून बाहेर आली पाहिजे. बकलमध्ये नाणी, पिना आणि पार्सलच्या टेपचे तुकडे हमखास सापडतात, आणि अर्धवट बसलेली जीभ ही न लावलेल्या पट्ट्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर माणूस विसंबतो. शेवटी इग्निशन चालू करून डॅशबोर्डवरचे पट्ट्याचे आणि एअरबॅगचे दिवे पाहायचे. सगळं मिळून मिनिटभर.

आता अंगावर पट्टा कसा बसतो ते. पुस्तकात लिहिलेलं सर्वांना पाठ असतं: कमरेचा भाग खाली, कमरेच्या हाडांवर, वरचा भाग खांद्याच्या मधोमध, पट्टीला पीळ नको, लावल्यावर वरची पट्टी एकदा वर खेचून ढिलाई काढायची. डिलिव्हरीवाल्याचं अंग मात्र पुस्तकातल्या माणसासारखं मोकळं नसतं. पोटावर पैशांचा पाऊच, छातीच्या खिशात पेनं आणि मोबाईल, गळ्यात ओळखपत्राची दोरी, कमरेला स्कॅनर, वर जाड रेनकोट. पाऊचवरून पट्टा गेला की तो हाडावरून पोटावर सरकतो. अपघातात मग तो मऊ पोटात रुततो. आतडी फाटणं, कमरेचा मणका आडवा मोडणं या दुखापती डॉक्टरांना इतक्या ओळखीच्या आहेत, की ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ असं त्यांचं नावच पडलं आहे. छातीवरचं पेन बरगड्यांत घुसतं. यावरचा उपाय ड्रायव्हरच्या हाती नाही, खरेदी खात्याच्या हाती आहे. स्कॅनरला डॅशबोर्डवर धारक द्या, पाऊच बाजूला सरकवता येईल असा द्या, रेनकोट पुढून झटकन उघडणारा द्या म्हणजे पट्टा त्याच्या आतून घेता येईल. छातीवर चार खिशांचा युनिफॉर्म शिवून घ्यायचा आणि मग खिशात काही ठेवू नका म्हणून परिपत्रक काढायचं, यात शहाणपण नाही.

मान घासते, ही तक्रारही खरी असते. बऱ्याच व्हॅनमध्ये दाराच्या मागच्या खांबावर रिंग वर-खाली करायचं बटण असतं. एक गाडी तीन पाळ्यांत तीन उंचीचे ड्रायव्हर वापरतात आणि ते बटण कुणी कधी दाबलेलं नसतं. आधी सीट, मग पाठ, मग रिंग, मग पट्टा, या क्रमाने एकदा जुळवलं की मान सुटते. नाहीतर ड्रायव्हर स्वतःचा मार्ग काढतो आणि वरची पट्टी बगलेखालून घेतो. धडक बसली की सगळा जोर खालच्या बरगड्यांवर, त्यांच्या मागे यकृत आणि प्लीहा. पाठ फार मागे कलती ठेवणंही तितकंच वाईट. माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो.

स्टॉपवरच्या हालचालींचा क्रम एकदा बसवून घेतला की पट्टा वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही. थांबताना: गाडी पूर्ण थांबली, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली हातात, मग पट्टा, मग आरसा, मग दार. निघताना: दार बंद, पट्टा, मग किल्ली. पट्ट्याआधी किल्ली फिरवायची नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं, कारण इंजिन सुरू झालं की पाय आपोआप पुढचं करायला लागतात. याच क्रमातली सर्वांत मोठी चोरी होते ती थांबण्याआधी. वीस-तीस मीटर उरलेले असतानाच एक हात बकलकडे जातो. तेव्हा गाडी चालू असते, नजर घराचा नंबर शोधत असते आणि स्टीअरिंगवर एकच हात असतो. वाचतो एक सेकंद. सरकत्या दाराच्या व्हॅनमध्ये दार उघडं ठेवूनच पुढच्या स्टॉपला जाणं याचाच भाऊ. त्या उघड्या बाजूला ड्रायव्हरला गाडीत धरून ठेवणारी पट्टा ही एकच वस्तू असते, आणि नेमका तोच लावलेला नसतो.

आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. पट्टा अपघात झाल्यावर वाचवतो हे सगळे बोलतात. तो अपघात टाळायलाही मदत करतो. एकदम आडवं काही आलं, जोरात ब्रेक मारून गाडी वळवली, की न बांधलेला ड्रायव्हर सीटवरून सरकतो. सारखी चढ-उतार करून त्या सीटचं कापड गुळगुळीत झालेलं असतं. पाय ब्रेकवरून सुटतो आणि हात गाडी वळवायच्या ऐवजी स्टीअरिंगला लोंबकळतात.

शेजारच्या सीटवरच्या पार्सलांचं काय? पुढच्या पाच-सहा स्टॉपचा माल तिथे रचून ठेवायची पद्धत सर्रास आहे. सीटमधल्या वजनाच्या सेन्सरला वाटतं माणूस बसलाय, घंटी वाजायला लागते, आणि ती थांबवायला त्या बाजूचा पट्टा रिकामाच अडकवून टाकतात. त्यातून मग दोन्ही बाजूंच्या घंटीकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. शिवाय ताशी ५० ला गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर पंधरा किलोंचं खोकं दोनशे किलोंच्या जोराने पुढे येतं. माल मागे, आणि मागच्या कप्प्याला पक्की जाळी किंवा पार्टिशन. पुढे लागणारी पार्सलं ठेवायचीच असतील तर सीटच्या खालच्या जागेत, ड्रायव्हरच्या पॅडलकडे घरंगळणार नाहीत अशी अडवून.

घंटी बंद करायच्या युक्त्या सगळ्यांना माहीत आहेत: बकलमध्ये नुसती धातूची क्लिप घालणं, किंवा पट्टा पाठीमागून अडकवून त्याच्यावर बसणं. यंत्राने जबरदस्ती करून माणूस सुधारत नाही याचा मोठा धडा अमेरिकेने १९७४ मध्ये घेतला. त्या सालच्या मॉडेलच्या मोटारींत पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही अशी सोय सक्तीची केली होती. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी सुरू होईना. लोक इतके चिडले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने ती सक्ती रद्द केली. चिडलेल्या माणसाची सगळी बुद्धी यंत्राला फसवण्यात खर्च होते.

आजच्या व्हॅनमध्ये टेलिमॅटिक्स असतं. पट्टा लागलाय की नाही, वेग किती, दार कधी उघडलं, सगळं डेपोत दिसतं. ते वाचायलाही नजर लागते. १२० स्टॉपच्या दिवशी बकल साधारण १२० वेळा उघडलं पाहिजे. एखाद्याचा दिवस ‘पट्टा १०० टक्के’ दाखवत असेल आणि बकल दोनदाच उघडलं असेल, तर तो आदर्श ड्रायव्हर नव्हे, त्याच्या बकलमध्ये क्लिप आहे. दार उघडतंय, माणूस उतरतोय आणि पट्टा लागलेलाच आहे, हे होऊच शकत नाही. म्हणून महिन्याच्या बक्षिसासाठी सर्वांत स्वच्छ आकडा निवडण्याआधी दाराची आणि बकलची नोंद शेजारी ठेवून पाहावी. इशाऱ्याची मर्यादा मात्र समजून ठेवावी. नियम चाक हललं की लागू, अगदी डेपोच्या आवारातही. पण आपोआप येणारा इशारा ताशी आठ-दहाच्या वर ठेवावा. नाहीतर गाडी लावताना एक वीत मागे-पुढे केल्याचेही इशारे येतात, सुपरवायझरच्या फोनवर ढीग साचतो आणि तो पाहणंच सोडून देतो. काय नोंदलं जातं, कोण पाहतं, किती दिवस ठेवतात, हे ड्रायव्हरला आधीच लेखी सांगितलेलं असावं. चोरून ठेवलेली पाळत पकडली गेली की पट्टा बाजूला राहतो आणि भांडण पाळतीवरून सुरू होतं.

शिक्षेच्या पायऱ्या सगळीकडे थोड्याफार सारख्याच: तोंडी समज, लेखी समज, अनुभवी ड्रायव्हरबरोबर एक फेरी, मग काही दिवस गाडीवरून उतरवणं. त्यात मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, बोलायचं ते एक-दोन दिवसांत. महिनाअखेरच्या तक्त्यावरून तीन आठवड्यांपूर्वीची चूक दाखवली तर माणसाला तो दिवसही आठवत नाही. दुसरी, विसरणं आणि फसवणं यांना एकाच मापाने मोजायचं नाही. ज्याचा पट्टा चार वेळा राहिला त्याला सवय लावायची आहे. ज्याने बकलमध्ये क्लिप घातली त्याने सुरक्षेच्या यंत्रणेत छेडछाड केली आहे, त्याला तोंडी समज पुरेशी नाही. तिसरी, पगारातून दंड कापू नये. कापलेले पैसे तो जास्त स्टॉप मारून भरून काढणार, म्हणजे पुन्हा पट्ट्यातून आणि वेगातून. आणि हो, डेपोचा मॅनेजर आवारात स्वतःची गाडी लावताना पट्ट्याशिवाय दिसला, तर वरच्या सगळ्या पायऱ्या त्या दिवसापुरत्या गेल्याच म्हणून समजा.

तपासणी करायचीच तर रूटवर, चार वाजता करा. तीही पकडायला जाऊ नये. कुठल्या गल्लीत पार्किंग नाही, कुठे लिफ्ट बंद आहे, कुठे एकाच सोसायटीतल्या सहा पार्सलांसाठी ॲप सहा वेगळे स्टॉप दाखवतं, हे पाहायला जावं. अशा ठिकाणी गाडी एका जागी लावून सहाही पार्सलं पायी वाटली, तर पाच वेळा पट्टा लावायची वेळच येत नाही. पट्टा लावण्याची संख्या कमी करायचा हा एक प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो ड्रायव्हरपेक्षा रूट आखणाऱ्याला जास्त साधतो.

हेल्परबद्दल थोडंसं. त्याच्यासाठी सीट आणि पट्टा नसेल तर तो त्या गाडीत नसावा. मागे मालावर बसणाऱ्या माणसाला कुठलाही नियम वाचवू शकत नाही. बांधलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी न बांधलेला हेल्पर असला तर धडकेत तो ड्रायव्हरवरच येऊन आदळतो. दुचाकीवरून डिलिव्हरी करणाऱ्यांचा पट्टा म्हणजे हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी. न बांधलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

आग लागली किंवा गाडी पाण्यात गेली तर पट्ट्यात अडकून मरू, ही भीती अजून ऐकू येते. तिला हसण्यात अर्थ नाही. अपघातात शुद्ध हरपलेला माणूस आगीतूनही बाहेर येत नाही आणि पाण्यातूनही. पट्टा त्याची शुद्ध टिकवतो आणि मग एका बोटाने सुटतो. धडकेनंतरही बकल ६० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण सहा किलोंच्या दाबापेक्षा, जास्त जोर मागता कामा नये, असं नियम क्रमांक १६ सांगतो. एवढं सांगूनही भीती जात नसेल, तर पट्टा कापायची छोटी कात्री हाताच्या अंतरावर लावून द्या. स्वस्तातला उपाय आहे आणि माणूस निर्धास्त होतो. ‘एअरबॅग आहे ना’ याचं उत्तर वेगळं: ती तीस-पन्नास मिलिसेकंदांत फुगते आणि बांधलेल्या माणसासाठी बेतलेली असते. स्टीअरिंगच्या मधापासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर हवी. न बांधलेला माणूस ब्रेक लागताच त्या अंतराच्या आत सरकलेला असतो, आणि मग फुगणारी पिशवीच त्याला मारते.

नादुरुस्त पट्ट्याची गाडी बाहेर जाणार नाही, हे सगळ्याच कंपन्यांच्या कागदावर असतं. खरी परीक्षा त्या सकाळी होते, जेव्हा ड्रायव्हर येऊन सांगतो की बकल धरत नाही आणि गाडीत १२० पार्सलं भरलेली असतात. त्या वेळी राखीव गाडी नसेल, किंवा त्याचा दिवस बिनपगारी जाणार असेल, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. तक्रार करणाऱ्याचा दिवस पूर्ण धरायचा, आणि पट्टा बदलून होईपर्यंत किल्ली मॅनेजरच्या कपाटात ठेवायची. तोच नियम किरकोळ धडकेनंतर. पट्ट्याने एकदा जोर घेतला की तो बदलायचा, दिसायला कितीही नवा दिसो. रिंगच्या प्लास्टिकवर घासल्या-वितळल्याची चकाकी, पट्टीवर लाटा, पेटीतून नेहमीपेक्षा जास्त लोंबणारी पट्टी, या त्याच्या खुणा. धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर स्फोटक दारूच्या छोट्या स्फोटावर चालतो. तो एकदाच उडतो, मग पेटी पूर्ण बदलावी लागते, आणि एअरबॅगचा दिवा डॅशबोर्डवर जळत राहतो. बंपर बसवून, रंग मारून आलेली गाडी गॅरेजवाल्याच्या बिलावर सही करून ताब्यात घेण्याआधी त्या बिलात पट्ट्याची ओळ आहे का ते पाहावं. नसेल तर गाडी परत आत पाठवावी, आणि नव्या पट्ट्याच्या लेबलवरची तारीख गाडीच्या नोंदवहीत लिहून घ्यावी.